आमच्याकडचं जड पाणी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी एक जुनी किटली आहे आणि जरा फटकळ आहे. कारखान्यात स्टीलच्या पत्र्याला वाकवून मला आकार दिला, तोटी जोडली, झाकणाला काळी मूठ बसवली. दुकानाच्या काचेत मी अशी चमकत होते की येणारीजाणारी माणसं माझ्यात बघून केस नीट करायची. तोरा तर असा होता की शेजारच्या पातेल्यांशी मी बोलतसुद्धा नव्हते.

मला विकत घेतलं आईने. तेव्हा तिला एक लहान मुलगा होता आणि ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. आमच्या शहराचं पाणी जड. नळातून येतं स्वच्छ, पण सुकलं की बादलीवर, नळावर, आरशावर पांढरे डाग सोडून जातं. "या पाण्यापुढे साबणसुद्धा हात टेकतो," असं आई चादरींचे ढीग धुऊन आल्यावर म्हणायची. मग मला गॅसवर ठेवायची आणि चहा पिऊन ताजीतवानी व्हायची.

ते पाणी रोज माझ्यात उकळायचं आणि थोडं थोडं मागे राहायचं. काही वर्षांत माझ्या पोटात पांढरा, खरखरीत थर बसला. शेजारणी झाकण उघडून नाक मुरडायच्या. पण आईचा नियम पक्का होता. किटली बाहेरून घासायची, आतून फक्त विसळायची. "आतून घासलीस तर माझ्याशी गाठ आहे," असं तिने नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. थर गेला की चहाची चव जाते, हे तिचं मत. खरं खोटं देव जाणे, पण आतून अशी कुरूप असूनही मी कुणाला तरी हवी होते, याचं मला फार सुख होतं.

मग आई विसरायला लागली. आधी चष्मा, मग चालू ठेवलेला गॅस, मग आपली नोकरी कधीच संपली आहे हे. शेवटी मुलालाच विसरली. संध्याकाळ झाली की पिशवी खांद्याला अडकवून दाराशी उभी राहायची. "अहो, मला घरी सोडता का? मुलगा वाट बघत असेल." आणि हे ती मुलालाच सांगायची, मित्रांनो.

तो वाद घालत नसे. माझ्यात चहा करून कप तिच्या हातात द्यायचा. एक घोट घेतला की तिचा चेहरा सैल व्हायचा. "हं, आपल्याच नळाचं पाणी," असं म्हणून ती पिशवी खाली ठेवायची आणि त्याला विचारायची, "कधी आलास रे?" त्या एका प्रश्नासाठी तो कामावरून धावतपळत घरी यायचा.

त्यातच आईची कातडी कोरडी पडून खाजायला लागली. जड पाण्याने त्रास वाढत असेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झालं, मुलाने पाणी मऊ करणारं यंत्र आणून सगळ्या घराच्या पाण्याला जोडलं. सूनबाईने पदर खोचला आणि एकूण एक पांढरा डाग घासून काढला. त्याच उत्साहात तिने माझ्यात लिंबूसत्त्वाचं पाणी दुपारभर ठेवलं. माझा थर पापुद्र्यांनी सुटला आणि मोरीतून वाहून गेला. सासूबाईंना छान स्वच्छ चहा मिळावा, एवढंच त्या बिचारीच्या मनात होतं.

संध्याकाळी आईने घोट घेतला आणि कप बाजूला सारला.

"हे आमच्याकडचं पाणी नाही."

"आई, आपलंच आहे गं," मुलगा म्हणाला.

"मला फसवू नका. मी काही एवढी बावळट नाही."

पिशवी खांद्यावरून उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, नंतरही तेच. एकदा दार उघडं राहिलं, तर ती रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर सापडली. सूनबाई ओट्याशी उभी राहून हमसून हमसून रडली. मलाही रडू येत होतं, पण किटलीचं रडणं कुणाला कळतं?

मुलाने प्लंबरला बोलावून यंत्र काढायला लावलं. "लोक हे बसवून घ्यायला माझ्या मागे लागतात आणि तुम्ही काढायला सांगताय, कमाल आहे तुमची," असं पुटपुटत तो काम करून गेला. नळाला पुन्हा जड पाणी आलं. मग सुट्टीचा अख्खा दिवस मुलगा मला भरत राहिला, उकळत राहिला, पाणी आटवत राहिला. पोटात निदान एक पातळ पापुद्रा तरी धरावा म्हणून मीही जिवाचा आटापिटा केला.

संध्याकाळी आईने घोट घेतला. तिचा चेहरा सैल झाला. मुलगा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"अगदी असंच पाणी येतं आमच्याकडे," ती त्याला म्हणाली. "तुम्ही आमच्या जवळपासच राहता का?"

"हो," तो म्हणाला. "जवळच."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घासा, पुसा, लखलखीत करा. पण तुमच्या घरी कुणी विसरायला लागलं असेल, तर हात लावण्याआधी एवढं बघा, की ते माणूस कशाला धरून आहे. मला ते माहीत होतं, पण मला तोंड असून बोलता येत नाही.

माझ्यात आता पुन्हा थर बसलाय, पहिल्यासारखाच. चहा रोज होतो. आई तो आवडीने पिते, रिकामा कप मुलाच्या हातात देते आणि म्हणते, "फार उपकार झाले हो तुमचे. आता निघते मी."