पिल्लाचं रक्त आणि मोठ्यांचं माप

मित्रांनो, एकाच डोळ्याचा म्हणून मला हसू नका. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात या एका डोळ्याने जे पाहिलं ते दोन डोळेवाल्यांनी क्वचितच पाहिलं असेल.

आलो तेव्हा माझा काय थाट होता! पुढे रक्त तपासून आकडे छापणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. प्रयोगशाळेतल्या मावशी हट्टाला पेटल्या, म्हणूनच मी मोडीत गेलो नाही.

एके दिवशी एक वॉलबी मेली. वॉलबी म्हणजे कांगारूची धाकटी बहीणच. तिच्या पोटाच्या पिशवीत दोन दिवसांचं पिल्लू निघालं, राजम्याच्या दाण्याएवढं. शेजारच्या वॉलबीचं पिल्लू नुकतंच दगावलं होतं. तिच्या पिशवीत ठेवलं तरच हे जगणार होतं. पण आधी रक्त तपासायचं, असा नियम.

यंत्राने कागद छापला. तांबड्या पेशी फार मोठ्या, आणि त्यांत केंद्रक! मोठ्या वॉलबीच्या तांबड्या पेशींत ते नसतं.

"रक्ताचा आजार दिसतोय," नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरीच्या पिशवीत नको. तिलाही लागण व्हायची."

"मॅडम, यंत्र त्याला मोठ्यांच्या मापाने मोजतंय. दहा मिनिटं द्या."

"तेवढा वेळ त्याच्याकडे नाहीये, मावशी."

"मग पाच द्या!"

मावशींनी खणातून रक्ताचा थेंब सुकवून ठेवलेली जुनी काचपट्टी काढून माझ्याखाली सरकवली. मी जीव एकवटून पाहिलं. त्याच मोठ्या पेशी, तेच केंद्रक.

"हे मागे जन्मलेल्या एका निरोगी पिल्लाचं रक्त, तेही असंच दोन दिवसांचं असतानाचं," मावशी म्हणाल्या. "ते पिल्लू पुढे तीन लेकरांची आई झालं. ही पिल्लं अर्धवट वाढूनच जन्मतात, मॅडम. रक्त गर्भातलंच, प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिनही तेव्हाचंच. नंतर दोन्ही बदलतात."

डॉक्टरीणबाई माझ्यावर वाकल्या. यंत्राचा कागद शेजारी धरून पडताळला.

"चुकलेच मी. चला, आधी पिल्लू उचला!"

पिल्लाने नव्या आईचं स्तनाग्र घट्ट धरलं. मला इतका आनंद झाला, की काय सांगू! मग दर आठवड्याला टाचणीच्या टोकाएवढा थेंब माझ्याखाली येई. केंद्रकवाल्या पेशी घटत गेल्या, लहान, बिनकेंद्रकाच्या वाढल्या. प्राणवायूची वाहतूक एक क्षणही थांबली नाही, फक्त हमाल बदलले.

मित्रांनो, आम्हा जुन्यांच्या भिंगांवर बुरशी चढू देऊ नका. आणि कुणा लहानग्यात खोट दिसली, तर निकाल देण्याआधी एवढंच विचारा: हा किती दिवसांचा आहे?