पेन्सिलीची तारीख

"हे घ्या," म्हणत मुख्याध्यापकांनी खोडरबर टेबलावर ठेवला. "पेन्सिलच आहे ना? दोन मिनिटांचं काम. मग खुशाल जा कोर्टात."

शाळेच्या क्लार्कबाईंनी खोडरबराला हात लावला नाही. पुढ्यात बारा वर्षांपूर्वीचा प्रवेशअर्ज पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर, कोपऱ्यात, त्यांच्याच बारीक अक्षरात एक तारीख होती.

भानगड साधी होती. सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही, हा नियम. आणि दरवर्षी दोन-चार आया चार महिने कमी पडणारं पोर घेऊन दारात उभ्या. कामावर जायचं तर पोराला ठेवायचं कुठे? बाई आधी नियम ऐकवत, मग विरघळत आणि रजिस्टरमध्ये पोराला पाच महिने मोठं करून टाकत. पण खोटं काही त्यांना पचत नसे, म्हणून अर्जामागे खरी तारीख लिहून ठेवत. रजिस्टरमध्ये मात्र एकतीस वर्षांत एकही खाडाखोड नव्हती. त्याची बाईंना भारी ऐट. नवा शिक्षक आला की त्याला मुद्दाम उघडून दाखवत.

त्यातलंच एक पोर भोवरा. वर्गात बूड टेकायचं नाही म्हणून हे नाव पडलेलं. गेल्या महिन्यात हा तिघांबरोबर दुकान फोडायला गेला. रखवालदार आडवा आला, तेव्हा भोवऱ्याने त्याच्या डोक्यात पहार घातली. रखवालदार वाचला, पण उजवा हात लुळा पडला तो पडलाच. रजिस्टरप्रमाणे भोवरा त्या दिवशी अठरा वर्षं एक महिन्याचा होता, म्हणजे मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचा तुरुंग. पेन्सिलीप्रमाणे तो अजून सतराचाच होता.

काल त्याची आई येऊन गेली होती. रडली नाही.

"दवाखान्याचा कागद घर बदलताना गेला, बाई. तो कधीचा, ते आता तुम्हाला न् मलाच ठाऊक. आणि माझं कोण ऐकतंय?"

"अगं, पण त्याने केलंय ते..."

"केलंय. शिक्षा होऊ दे की. त्याच्या वयाची होऊ दे, एवढंच."

मुख्याध्यापक अजून बोलत होते. "चार महिन्यांवर रिटायरमेंट आलीय तुमची. कोर्ट काय एका अर्जावर थांबणार आहे? असे किती असतील?"

"एक्केचाळीस."

मुख्याध्यापक मटकन खुर्चीत बसले. "अहो, चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. तुम्हाला रजिस्टर वाचायला बोलावलंय ना? मग तेवढं वाचा न् या परत."

माणूस वाईट नव्हता. भीत होता, आणि बाईही भीत होत्या. बाईंनी खोडरबर मुख्याध्यापकांकडे सरकवला आणि कपाटातून अर्ज काढायला घेतले.

कोर्टाबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून जागा दिली.

"शाळेतल्या ना तुम्ही?" ती म्हणाली. "मी रखवालदाराच्या घरची. अजून जेवण भरवावं लागतं त्यांना. वकील म्हणतायत, पोरगा लहान आहे म्हणून सुटेल. तुम्ही सांगाल ना खरं काय ते?"

बाईंनी अर्जांची पिशवी जवळ ओढली. "सांगेन," त्या कशाबशा म्हणाल्या.

आत न्यायाधीशांनी रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं. "ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"बरोबर आहे?"

"अक्षर माझं आहे, साहेब. तारीख खोटी आहे. मीच लिहिली."

त्यांनी अर्ज पुढे केला. न्यायाधीश पेन्सिलीची तारीख बराच वेळ पाहत राहिले. "आजच कशावरून लिहिली नाही?"

बाईंनी पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "असे एक्केचाळीस आहेत. बाकीच्या पोरांनी काही केलेलं नाही. त्यांचीही तारीख मागे आहे."

न्यायाधीशांनी एकेक अर्ज उलटून पाहिला. मग आईचा जबाब झाला. शेवटी त्यांनी सांगितलं की खटला बालन्यायालयातच चालेल आणि बाईंबद्दलचा अहवाल शिक्षण खात्याकडे जाईल. तिथल्या कारकुनाने त्या नोंदीभोवती लाल शाईने गोल काढला, तशी बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

बाहेर पोलिसाने भोवऱ्याला थांबवून धरलं होतं. बाईंपेक्षा वीतभर उंच झाला होता, ओठावर कोवळी मिशी होती.

"बाई, मग माझा वाढदिवस तो नव्हताच?"

"नव्हता रे."

"मग कधी असतो?"

बाईंनी तारीख सांगितली. त्याने ती हळू आवाजात दोनदा म्हटली. मग पोलीस त्याला घेऊन गेला.

जबाबावर सही व्हायची होती, तोवर थांबायला सांगितलं होतं. बाई बाकाकडे वळल्या. रखवालदाराची बायको तिथेच होती. मघाशी बाई बसल्या होत्या त्या जागेवर तिने आता पिशवी ठेवली होती, आणि ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

पुकारा होईपर्यंत बाई बाकाशेजारी उभ्या राहिल्या.