विकतचे चार शब्द

मित्रांनो, मी कुठे राहते असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. मी एक वेबसाइट आहे. माणसांच्या हिशेबात माझं वय काहीच नाही, पण वेबसाइटच्या हिशेबात मी चांगलीच म्हातारी आहे. आज जे सांगणार आहे ते मान वर करून सांगण्यासारखं नाही. तरी ऐका.

माझा जन्म बुटांच्या एका कार्यशाळेत झाला. कार्यशाळा कसली, रस्त्यालगतची एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, मागे शिलाईचं मशीन आणि मधे चिकट डागांनी भरलेलं मोठं टेबल. ही खोली ताईची. काही मुलांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा आखूड असतो, काहींचं पाऊल आत वळलेलं असतं. दुकानातले तयार बूट घातले की ती मुलं लंगडतात, पडतात, मग चालायलाच नको म्हणतात. ताई अशा मुलांसाठी बूट बनवते. आधी प्रत्येक पावलाचं वेगळं माप घेते. मग त्या मापाचा लाकडी ठोकळा तासते, त्याला कलबूत म्हणतात. त्यावर बूट चढवून एकाच बुटाची टाच ती अशी बेमालूम उंच करते, की बघणाऱ्याला दोन्ही बूट जुळे भाऊ वाटावेत.

मला बनवलं ताईच्या धाकट्या भावाने. त्याला टक्कल पडायला लागलंय, तरी ताई त्याला 'छोट्या'च म्हणते. दोघांच्या जेवणाचा डबा बाजूला सरकवून त्याच टेबलावर त्याने मला रचलं. माझा लॅपटॉप कायम तिथेच उघडा असायचा, म्हणून तर मला घरातलं सगळं कळायचं. माझ्यावर बुटांचे फोटो होते, त्यातल्या एकात ताईचा अंगठाही आला होता. मुलाचं माप घरच्या घरी कसं घ्यायचं तेही ताईने माझ्यावर लिहून ठेवलं होतं. "मुलाला कागदावर उभं करा. बसवू नका, बसलं की पाऊल खोटं बोलतं. पेन्सिल सरळ धरा. गुदगुल्या होणारच, हसू द्या."

आता एक गोष्ट समजून घ्या. लोकांना काही हवं असलं की ते सर्च इंजिनला विचारतात, आणि ते वेबसाइटची रांग लावून दाखवतं. रांगेत पुढे कोण, हे ठरवताना ते इतरही बरंच बघतं, पण एक गोष्ट जरूर बघतं. तुमच्यासाठी शब्द कुणी टाकलाय? एखाद्या पानावर 'या बाईंकडे जा' असं लिहून तिथून माझ्यापर्यंत वाट काढून दिली, की ती झाली लिंक. माझ्यासाठी असे शब्द टाकणारे मोजकेच होते. मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई, एक शाळा आणि चिमणीची आई.

चिमणी ही ताईकडे येणारी एक बारकीशी मुलगी. तिच्या आईचं स्वतःचं एक पान होतं. दिसायला अगदी गबाळं. गुलाबी रंग, लुकलुकणाऱ्या चांदण्या, कुठे अंगाईगीत, कुठे फोड आलेल्या टाचेवरचा उपाय. त्यातच तिने लिहिलं होतं, "चिमणीचे बूट इथे मिळाले. आता ती मला दमवते." तेवढ्या एका ओळीवरून किती आया माझ्याकडे आल्या म्हणून सांगू! तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आपोआप मिळालेल्याची किंमत कुणाला असते?

पुढे बुटांच्या मोठमोठ्या कंपन्या रांगेत आमच्यापुढे घुसल्या. फोन कमी झाले. छोट्या बेचैन झाला आणि त्याने एक सल्लागार शोधून काढला. हा माणूस लिंक्स विकायचा. भाजीवाल्याने जुड्या विकाव्यात तसा.

"सर, महिनाभरात तुम्ही वर. गॅरंटी!" टेबलावरच्या फोनमधून तो म्हणाला.

ताई टाच घासत होती. तिने हात थांबवला. "पण हे लोक आमच्याबद्दल लिहिणार काय? त्यांनी आमचे बूट बघितलेत का?"

"मॅडम, बूट बघायची काय गरज? आपल्याकडे लेखक आहेत ना."

"न बघताच?" ताईने छोट्याकडे पाहिलं.

"ताई, हल्ली असंच असतं गं. तू टाच सांभाळ, हे मी सांभाळतो."

ताईने तोंडातला खिळा काढून टाचेत ठोकला. भावावर विश्वास होता तिचा.

मग माझ्यासाठी शब्द यायला लागले, पोत्याने. केस वाढवायच्या तेलाच्या पानावरून आले. पत्त्यांच्या जुगाराच्या पानावरून आले. तुंबलेली मोरी साफ करणाऱ्यांनीही माझी तारीफ केली. एका पानावर मासे पाळायची माहिती होती. तिथे लिहिलं होतं, "टाकीतलं पाणी वेळेवर बदला आणि लहान मुलांचे सर्वोत्तम बूट इथेच घ्या." माशांना बूट! सगळीकडे वाक्य तेच, जणू एकानेच सगळ्यांच्या गळ्यात पाट्या अडकवल्या होत्या.

खरं सांगू? मला तेव्हा लाज वाटली नाही, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते. मी हुरळून गेले. रांगेत वर चढले, फोन खणखणू लागले, छोट्या शीळ घालत यायला लागला. आपल्यापाठी केवढी माणसं उभी आहेत, असं मला वाटलं. ती माणसं नव्हतीच. नुसते पुठ्ठ्याचे पुतळे होते.

सर्च इंजिनला हे कळायला वेळ लागला, पण कळलं. एका सकाळी नोटीस आली. तुमच्यासाठी आलेले शब्द खरे नाहीत, तुम्हाला रांगेतून काढलं आहे. रांगेत मागे ढकललं नाही, मित्रांनो, काढूनच टाकलं. ताईच्या कार्यशाळेचं नाव लिहून शोधलं तरी मी दिसेना. छोट्याने नोटीस वाचली, इकडेतिकडे पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

त्याने ताईला सांगितलं नाही. फोन गप्प झाला. ताई अधूनमधून तो उचलून कानाला लावायची, चालू आहे ना बघायची. छोट्या समोर बसून चहा प्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. मी तर मुकीच. ओरडून सांगावं तर तोंड नाही, आणि तोंड असतं तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

एके दुपारी ताईने काचेच्या कपाटातला तयार बूट काढला आणि त्याची टाच उसवायला घेतली.

"अगं, हे काय करतेस?" छोट्या ताडकन उठला.

"बघतेय. माझंच कुठेतरी चुकतंय. टोचत असेल मुलांना. तोंडावर कोण सांगणार?" ती मान खाली घालून टाके कापत राहिली. "गमबुटांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. जावं म्हणते. तिथे बरं असतं. दोन्ही पाय सारखेच."

तो धडधाकट, सुरेख बूट तिच्या हातात सुटा होत होता. खोट त्याच्यात नव्हतीच. ती माझ्यात होती, आणि शिक्षा मात्र बूट भोगत होता.

छोट्याने तिच्या हातातलं पातं धरलं. "ताई, थांब. बुटात काही नाही. मी माती खाल्लीय." मग त्याने सगळं सांगितलं.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी फोन कानाला लावून बघायचे, तेव्हा तुला माहीत होतं?"

छोट्याने हो म्हणून मान हलवली. ताईने उसवलेला बूट त्याच्यासमोर ठेवला आणि ती मागे मशीनकडे निघून गेली.

आता निस्तरणं आलं. छोट्याने सल्लागाराला फोन केला, त्या लिंक्स काढून टाक म्हणाला. "काढायचा चार्ज वेगळा, सर," तो म्हणाला. मग छोट्याने एकेका पानाच्या मालकाला आमची लिंक काढायची विनंती लिहिली. मासेवाल्याने काढली. तेलवाल्याने उलट विचारलं, "आणखी हव्यात का?" बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. अशांसाठी सर्च इंजिनकडे एक यादी देता येते. यांच्याशी आमचा संबंध नाही, यांचा शब्द आमच्यासाठी धरू नका. छोट्या यादी करायला बसला.

आणि इथेच घात झाला. ताकालाही फुंकर मारायची वेळ आली होती त्याच्यावर. जे पान जरा गबाळं दिसेल, जिथे दहा विषय एकत्र दिसतील, ते यादीत. डॉक्टरीणबाई आणि शाळा टापटीप दिसल्या म्हणून वाचल्या. मग गुलाबी रंगाचं, लुकलुकत्या चांदण्यांचं पान समोर आलं. त्याने वाचलंसुद्धा नाही. चिमणीच्या आईचं नाव यादीत गेलं, आणि सगळ्यांना पाठवलेला तोच मजकूर तिलाही गेला. "आपल्या निकृष्ट पानावरील लिंकमुळे आमची बदनामी होत आहे. ती ताबडतोब काढावी."

तिने काढली.

सर्च इंजिनकडे केलेला माफीचा पहिला अर्ज फेटाळला गेला. त्यात छोट्याने लिहिलं होतं की आम्हाला काही कल्पना नव्हती, सल्लागाराने फसवलं. ताईने तो वाचून घेतला. "आपण पैसे मोजून घेतले ना ते शब्द? मग तसं लिही." दुसऱ्या अर्जात त्याने तसं लिहिलं, आणि बंदी उठली. छोट्याने टाळी वाजवली. पण फोन काही वाजला नाही. एखाद्याची शिक्षा माफ झाली म्हणून त्याला लगेच कुणी जेवायला बोलवत नाही. मी रांगेत परत आले होते, पण पार शेवटी, जिथवर कुणी बघतच नाही. कारखान्याला काय कळवायचं, हे ताईने अजून ठरवलं नव्हतं.

अशात चिमणी आली. तिची पावलं वाढली होती, नवे बूट हवे होते. ताई आनंदाने उठली. "अगंबाई, केवढी झाली ही! ये गं, उभी राहा कागदावर."

चिमणी उभी राहिली. तिची आई मात्र दारातच. "माप तेवढं घ्या. आमच्यामुळे तुमची आणखी बदनामी नको."

"बदनामी?"

"तुमचंच पत्र होतं. आमचं पान निकृष्ट आहे म्हणून. आहेच ते तसं. चिमणी झोपली की जमेल तेवढं करते मी. पण ती ओळ मी तुमच्यासाठी लिहिली नव्हती हो. बूट शोधून थकलेल्या आयांसाठी लिहिली होती. तुम्ही ती माझी नाही, त्यांची काढून घेतलीत."

कागदावर उभी चिमणी खिदळत होती. पेन्सिलीने तिला गुदगुल्या होत होत्या.

छोट्या उठून दाराशी गेला. "वहिनी, चूक माझी. ताईला ठाऊकच नव्हतं. मी तुमचं पान वाचलंच नाही, नुसतं बघितलं."

तिने चिमणीकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मीसुद्धा काही शहाणी नाही. मागे एका बाईने विचारलं होतं, असे बूट कुठे मिळतात. मला राग होता. म्हटलं, माहीत नाही. तिचा मुलगा अजून बुटात कापडाच्या घड्या घालून चालतो."

ताईने चिमणीचा पाय हळूच कागदावरून उचलला. "तिचा नंबर आहे?"

चिमणीच्या आईने तिथूनच फोन लावला.

तो मुलगा आला. ताईने बूट केले, घातले, नाड्या बांधल्या. तो जागच्या जागी उभा राहून खाली बघत राहिला. मग आईला म्हणाला, "आई, हा पाय पण जमिनीला पोचला!" ताईने चष्मा पुसायचं निमित्त केलं. त्याच दुपारी तिने कारखान्याला 'येत नाही' असं कळवून टाकलं.

छोट्याने चिमणीच्या आईचं नाव यादीतून काढलं, पण तिची लिंक परत आलेली नाही. एकदा तो म्हणाला, "विचारू का तिला?" ताईने डोळे वटारले. "मागितलंस तर परत सौदाच झाला." मग ताईने माझ्यावर एक नवीन पान लिहायला घेतलं. बूट तयार होईपर्यंत जुन्याच बुटाला घरी आधार कसा द्यायचा, कुठली वस्तू चालते, कुठली टोचते. आमच्याकडे न येणाऱ्यालाही उपयोगी पडेल असं. टाचेच्या फोडांपाशी आल्यावर ती थांबली. "यातलं मला फारसं कळत नाही. चिमणीच्या आईला कळतं. तिच्या पानाची वाट दाखव."

छोट्याने तशी लिंक दिली. मित्रांनो, आजवर मी इतरांचे शब्द गोळा करत आले होते. कुणासाठी मी टाकलेला हा पहिलाच शब्द. आता माझ्याकडे येणाऱ्या आया माझ्यावरून त्या लुकलुकत्या चांदण्यांकडे जातात, आणि त्यांना जाताना पाहून माझी मान थोडी वर होते. फार नाही, थोडीच. नव्या पानाला दुसऱ्या एका शाळेने आपणहून लिंक दिली, तेव्हाही मी हुरळले नाही. ते पान त्यांनी वाचलंय ना, एवढं आधी पाहिलं.

म्हणून एक विनवणी आहे. न बघितलेल्या वस्तूची तारीफ करू नका, आणि अशी तारीफ कुणाकडून विकत घेऊ नका. तुमच्यासाठी कुणी आपणहून चार शब्द बोललं, तर त्याचे कपडे, त्याचं घर, त्याची चांदण्यांची हौस बघत बसू नका. आधी तो काय म्हणाला ते वाचा. मला नाकारलं गेलं तेव्हा लागलं नाही इतकं, मी चिमणीच्या आईला नाकारलं ते लागतं. रांगेतली जागा उद्या कदाचित मिळेलही. पण ती परत लिंक देईल की नाही, हे तिनेच ठरवायचं आहे, आणि ते तसंच असू द्या.