फ्रीजरमधला उजेड

“सासूबाईंचं इन्सुलिन न्यायला यावेळी कुणी आलं नाही,” औषधाच्या दुकानातल्या ताई म्हणाल्या.

“असेल मागचं शिल्लक,” म्हणत मी निघाले. मुलगी शिंकली तरी दवाखाना गाठणारी मी. हे मात्र कानाआड केलं.

सासूबाई काही दिवसांपासून एका महाराजांच्या सत्संगाला जात होत्या; त्याच आठवड्यात त्यांनी मला तिथल्या सभागृहात नेलं. पडदे ओढलेले, तीनशे माणसं, चिडीचूप. व्यासपीठावर उजेडमहाराज. त्यांनी एक प्लॅस्टिकची नळी कपाळाला लावून वाकवली. कट्! नळी हिरवीगार उजळली.

“हात लावा, आई!” ते सासूबाईंना म्हणाले. “चटका बसतो? देवाचा उजेड भाजत नाही! जोवर नळीत उजेड, तोवर सुईबिई बंद!”

सगळ्यांनी हात जोडले. माझ्या रसायनशास्त्राच्या पदवीनेही जोडले.

दर आठवड्याला प्रत्येकाला अशी एक नळी मिळायची. बाकीच्यांच्या नळ्या दुसऱ्या दिवशी विझायच्या आणि ते निमूटपणे गोळ्या घ्यायचे. सासूबाई पडल्या जपून वापरणाऱ्या. त्यांनी नळी फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे ठेवली. ती आठवडाभर मिणमिणायची, तोवर नवी मिळायची.

चौथ्या आठवड्यात त्या ओट्यापाशी कोसळल्या. साखर पाचशेच्या वर. मी फ्रीज उघडला. दारात इन्सुलिनची बाटली, सील न फोडलेली.

पाच दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “उजेड तर होता गं. मग मी पडले कशी?”

मी खेळण्यांच्या दुकानातून तशाच दोन नळ्या आणल्या. वाकवून एक गरम पाण्यात सोडली, दुसरी बर्फात. गरम पाण्यातली भपकन उजळली आणि तासाभरात मंदावली. बर्फातली रेंगाळत राहिली.

“आत पातळ काचेची कुपी असते, आई. तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. बाहेर दुसरं रसायन आणि रंग. वाकवलं की काच फुटते, दोन्ही मिसळतात. त्यातून निघालेली ऊर्जा रंगाला मिळते, तो ती उजेड म्हणून टाकतो. जवळजवळ उष्णता नाही, म्हणून चटका नाही. थंडीत हे काम सावकाश चालतं, एवढंच.”

“मग महाराजांचं त्यात काय?”

“वाकवणारे दोन हात.”

त्यांनी बर्फातली नळी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “सुई आण.”

तुमच्याही घरी कुणी रोज औषध घेत असेल. घेतलं का, एवढंच विचारून थांबू नका. आज उठून त्यांची बाटली उजेडात धरा आणि औषध खरंच कमी होतंय का, ते बघा.