बंद दारामागची खुर्ची

मी एक जुनी, कडुनिंबाच्या लाकडाची खुर्ची आहे. मित्रांनो, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात, मेंढ्यांच्या वाड्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत मी राहते. माझ्यावर बसणारं माणूस मी वजनावरून ओळखते. एकाचं वजन तर तो गेल्यावरही मला जाणवत राहिलं.

तो शिवशंकर. ज्ञानबा आणि पंचफुलाबाईंचा थोरला मुलगा. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला आणि इथंच राहिला. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना तो उत्तरं लिहायचा. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याची पाठ धरली, म्हणून ज्ञानबांनी बांधावरचा पडलेला निंब नरसिंग मिस्त्रीकडे नेला आणि मी घडले. माझा एक सांधा सैल राहिला. शिवशंकर रेलला की मी करकरायचे. चुलीपाशी बसलेल्या पंचफुलाबाईंना तेवढ्यानं पोरगं आत आहे हे कळायचं आणि बरं वाटायचं.

सुरुवातीला तो दुपारी माझ्यावरून उठायचा, मेंढ्यांत एक चक्कर मारायचा, आईजवळ बसून जेवायचा. मग कंपनीनं त्याचं कौतुक केलं. पारावरची माणसंही म्हणू लागली, "ज्ञानबाचं पोरगं घरबसल्या पुण्याची नोकरी करून राहिलं." काम वाढलं, तसं त्याचं उठणं थांबलं. छातीत दुखतंय, असं तो एकदा पुटपुटला. ते फक्त मी ऐकलं.

"जेवून घे रं लेकरा," आई दाराशी येऊन म्हणायची.

"माय, आत येऊ नको. मीटिंग चालू हाय."

चैत्रातल्या एका दुपारी पंचफुलाबाईंनी बाहेरून हाक मारली. उत्तर आलं नाही. कामात असेल, त्याला तकलीफ नको, म्हणून ताट उंबऱ्यावर ठेवून त्या परत गेल्या. संध्याकाळी ज्ञानबा मेंढ्या घेऊन आले, तेव्हा ताट तसंच होतं. त्यांनी दार ढकललं. शिवशंकर माझ्यावरच होता, मान एका बाजूला कललेली. तो गार पडला होता.

मला वाड्यात टाकून दिलं. कोकरं मला अंग घासायची. कोकरं रानात गेली, वाडा रिकामा झाला, की कुणीतरी हळूच माझ्यावर टेकायचं आणि मी करकरायचे. पंचफुलाबाई हातातलं काम टाकून वाड्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. आत मात्र यायच्या नाहीत.

पुढं त्याच्या धाकट्या बहिणीला, अंजलीलाही घरून करायचं काम मिळालं. तिनं मला धुऊन पुन्हा खोलीत नेलं.

"ती काहून आणलीस?" आई दाराबाहेरूनच म्हणाली.

"दादाची हाय, माय. वाड्यात काहून सडू द्यायची?"

अंजली बसली की मला दोघांचा भार वाटायचा. तीही हळूहळू भावासारखीच होत गेली. दार बंद. चहा गार. उठायचं नाव नाही.

एकदा भर दुपारी आईनं तीन हाका मारल्या. उत्तर नाही. माझी करकरही नाही. मग दार धाडकन उघडलं.

कानाला हेडफोन लावलेल्या अंजलीनं हात वर करून त्यांना थांबवलं. पंचफुलाबाई थांबल्या नाहीत. सरळ आल्या, माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "शिवशंकर, ऊठ बाळा. लई काम केलंस. चल जेवायला."

अंजलीनं हेडफोन काढला. मग पडद्यावरच्या माणसांना तिनं सांगितलं, "माझी आई आली आहे. मी जेवून येते."

ती उठली. आणि मित्रांनो, तिच्यामागून आणखी एक जण माझ्यावरून उठला.

तेव्हापासून मी हलकी आहे. तुमच्या घरात कुणी दार लावून काम करत असेल, तर बाहेरूनच परत फिरू नका. आत जा. ते माणूस चिडेल. चिडू द्या.