वन्संची झोप

सकाळचे अकरा वाजले होते आणि दुकानात मान वर करायला कुणाला सवड नव्हती. शाळा उघडायला सहा आठवडे उरले की गणवेश शिवणाऱ्याच्या घरात माणसं जेवतातसुद्धा उभ्याउभ्या. पुढच्या खोलीत मास्तर आणि दोन कारागीर मशीनवर बसले होते, काउंटरवर मास्तरांची लेक मापं लिहून घेत होती, आणि मधल्या खोलीत लांब टेबलापाशी तिची आई कापडाचे थर लावत होती. साचा ठेवायचा, खडूने आखायचं, आणि एकदा कात्री चालली की थांबायचं नाही. पंचवीस वर्षं हे काम तिचंच. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "शिवण माझी, पण कपडा अंगावर बसतो तो हिच्या हातामुळे." हे ते तिच्या देखत कधी म्हणत नसत, ती गोष्ट वेगळी.

या बाईला तीन वर्षं धड झोप नव्हती. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि लोकांना नेमकं तेच पटत नाही. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणी तिला मारत नव्हतं. पण अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागायचा नाही, आणि सकाळी उठल्यावर जीव नकोसा व्हायचा. ज्यात पूर्वी रमायची त्यातून मन उडालं होतं. एकदा धीर करून ती नवऱ्याशी बोलली. "कामाचा ताण आहे, सीझन संपला की होशील बरी," ते म्हणाले. त्यानंतर सीझन तीनदा संपला.

त्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलची एक नर्स पिशवी घेऊन दारात आली. तिशीच्या पुढची माणसं कशी झोपतात, त्यांचं मन कसं असतं आणि वय वाढल्यावर त्यांच्या मेंदूचं काय होतं, याचा अभ्यास चालला होता. घराघरातून एकेक माणूस चिठ्ठ्या टाकून निवडलं होतं. या घरातून नाव निघालं होतं आईचं.

नर्स टेबलाशी बसली तशी वन्संही येऊन बसल्या. वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तरुणपणीच माहेरी परत आलेली, आणि तेव्हापासून या घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. वाईट बाई नव्हती हो. भाचीचं सगळं तिनेच केलं होतं, आजारपणात रात्ररात्र मांडीवर घेऊन बसली होती. पण घराचं नाव म्हटलं की तिला पुढचं काही दिसत नसे.

"काकू, झोप कशी लागते?" नर्सने विचारलं.

"छान लागते," वन्सं म्हणाल्या.

"कधी उदास वाटतं? रडू येतं?"

"आमच्याकडे उदास व्हायला वेळ आहे कुणाला? बघताय ना ढीग."

"त्यांनाच बोलू द्या ना, आजी."

वन्संना 'आजी' म्हटलेलं मुळीच आवडलं नाही. पण तेवढ्यात आईने कात्री खाली ठेवली होती. "खरं सांगायचं तर ताई," ती म्हणाली, "मला गेली काही वर्षं..."

"अगं, बाईंना पाणी तरी विचारशील की नाही?"

ती पाणी आणायला गेली. परत आली तोवर नर्स पुढच्या पानावर गेली होती. तिच्या यादीत अजून बारा घरं होती, तिचाही दोष म्हणवत नाही. जाताना तिने आईच्या मनगटावर घड्याळासारखा एक काळा पट्टा बांधला. सात दिवस काढायचा नाही, म्हणाली. माणूस किती झोपतं, झोप कितीदा मोडते, सगळं यात उतरतं. नोंद बरी नसली तर डॉक्टर स्वतः बोलावून घेतील.

नर्सची पाठ वळली आणि वन्संनी दुकानाचं दार लोटून घेतलं. कारागिरांना चहाला पिटाळलं.

"ही नोंद हॉस्पिटलात जाणार. हॉस्पिटलात कागदांच्या खात्यात कोण आहे?"

मास्तरांच्या लक्षात आलं. लेकीला सांगून आलेलं स्थळ पक्कं होत आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि मुलाचे मामा त्याच हॉस्पिटलात कारकून. पहिल्याच भेटीत मामांनी हसत हसत विचारलं होतं, "घराण्यात डोक्याचं वगैरे काही नाही ना कुणाला?" आपल्याकडे हा प्रश्न हसतच विचारतात, आणि उत्तरही हसतच द्यायचं असतं.

"झोप नाही म्हणजे लगेच वेड लागलंय असं थोडंच आहे?" मास्तर म्हणाले.

"ते तुला आणि मला. एकदा कागदावर आलं की मुलीच्या नावाला ते कायमचं चिकटलं. आईला आहे म्हणजे उद्या लेकीला होणार, असंच म्हणतील." मग त्या भावजयीकडे वळल्या. "आण तो हात इकडे."

आईने हात पुढे केला. वन्संनी पट्टा सोडला आणि स्वतःच्या मनगटावर बांधला. वन्संची झोप म्हणजे घरात थट्टेचाच विषय. पाठ टेकली की ढाराढूर, कानाशी भांडी आपटली तरी कूस बदलायच्या नाहीत.

"सात दिवसांचाच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी सुखाने नांदली की बास. तुला तरी दुसरं काय हवंय?"

"नाही, बरोबर आहे वन्सं," आई म्हणाली.

लेक काउंटरपाशी उभी राहून सगळं बघत होती. एक शब्द बोलली असती तर तो पट्टा परत आईच्या हातावर गेला असता. पण मुलगा तिला आवडला होता. तिने मापांची वही उघडली आणि आधीच लिहिलेले आकडे पुन्हा गिरवत बसली. मी तिला फार बोल लावत नाही. तिच्या जागी तुम्ही-आम्ही काय केलं असतं, ते आपलं आपण विचारावं.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलचं पत्र आलं. झोप उत्तम, मनाची तक्रार नाही, पुढच्या तपासणीची गरज नाही. मास्तरांनी ते दुकानात मोठ्याने वाचलं. आपण घडवून आणलेलं खोटं कागदावर छापून आलं की माणसाला ते खरंच वाटायला लागतं. मास्तरांचा चेहरा उजळला होता.

आईने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं.

"मग मला होतंय काय?" तिने विचारलं.

मास्तरांनी पत्र तिच्या हातातून घेऊन गल्ल्यात ठेवलं. ती टेबलाकडे गेली आणि त्यानंतर त्या घरात तिने झोपेचं नाव काढलं नाही. एखादं दुखणं आपलं आपल्यालाच खोटं वाटायला लावणं, यापेक्षा मोठी क्रूरता मला तरी ठाऊक नाही. आणि ती करायला राक्षस लागत नाहीत, घरची मायेची माणसं पुरतात.

वन्संनी मात्र ही युक्ती आपल्यापाशी ठेवली नाही. शेजारच्या बेकरीवाल्या बाईंच्या घरी सुनेच्या हाताला पट्टा आला होता, आणि सून वर्षभर कोमेजून गेलेली. वन्संनी बेकरीवालीला कोपऱ्यात घेऊन शहाणपण शिकवलं. तिने पट्टा लेकाच्या हातावर चढवला. तिच्याकडून ते आणखी दोन घरांत गेलं. जिथे ज्याची झोप गाढ त्याच्या हाताला पट्टा. अशी ती अख्खी गल्ली कागदावर घोरत पडली.

लग्न पार पडलं. लेक सासरी गेली, सुखात होती.

दुसऱ्या वर्षीच्या सीझनला आईने एकशेवीस शर्टांच्या बाह्या कापल्या. कारागिराने जोडायला घेतल्या तेव्हा कळलं, सगळ्याच्या सगळ्या डाव्या. साचा उलटवून उजव्या कापायच्या असतात हे ती विसरली होती. पंचवीस वर्षांत तिच्या हातून एक बाही चुकली नव्हती. मास्तर सगळ्यांसमोर ओरडले, "लक्ष असतं कुठे तुझं?" ती बाह्यांकडे बघत राहिली. मग तिने एक बाही उचलली, आपल्या उजव्या हाताला लावून पाहिली, मग डाव्या. काय चुकलंय तेच तिला कळत नव्हतं. मास्तरांचा आवाज तिथेच बसला. त्या दिवसापासून टेबलावर दुसरा कटर आला.

पुढे ती गॅसवर भांडं ठेवून विसरू लागली. भर दुपारी दुकानातून निघून दोन रस्ते पलीकडे कुणाच्या तरी बंद दाराशी बसून राहायची. वन्सं म्हणत, "वय झालं की व्हायचंच." बाईचं वय त्रेपन्न होतं.

पहिल्या पाहणीनंतर तीन वर्षांनी दुसरी फेरी आली. नर्सने आईला पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. आईला एकही आठवला नाही, शब्द सांगितले होते हेही आठवलं नाही. या वेळी बोलावणं लगेच आलं. लेक नवऱ्याला घेऊन माहेरी आली आणि सगळे हॉस्पिटलात गेले.

डॉक्टर बाईंनी मेंदूचे फोटो पाहिले, तपासण्या वाचल्या, आणि जुना कागद काढून त्यावर बोट ठेवलं.

"मेंदूचा आजार आहे, विसरण्याचा. पुष्कळ पुढे गेलाय. मला एकच उलगडत नाही. तीन वर्षांपूर्वी यांची झोप आमच्या यादीतल्या सगळ्यांत चांगली होती. मन प्रसन्न. मग एवढ्या लवकर कसं?" मग त्या आईकडे वळल्या. "काकू, तेव्हा तुम्हाला झोप लागायची?"

आईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "वन्संना विचारा," ती म्हणाली. "त्यांना माहीत असतं."

वन्संनी मान खाली घातली. मास्तर भिंतीकडे बघू लागले. लेकीच्या शेजारी तिचा नवरा बसला होता, आणि दाराबाहेर कागदांच्या गठ्ठ्यासह त्याचे मामा.

"तो पट्टा आईच्या हातावर नव्हता," लेक म्हणाली. "आत्याच्या हातावर होता. आईला तेव्हाच तीन वर्षं झोप नव्हती. माझं लग्न मोडू नये म्हणून आम्ही लपवलं. मी बघत होते."

डॉक्टर बाईंनी जुना कागद उलटा करून ठेवला.

"तेव्हा आणलं असतं तर हे थांबलं असतं का?" लेकीने विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. खचलेलं मन, मोडलेली झोप आणि हा आजार यांचं काहीतरी नातं दिसतं. पण त्याने हे होतं, की ही याचीच पहिली खूण असते, तेच तर आम्ही शोधतोय. पण झोपेवर उपचार होते. मनावर उपचार होते. ती वर्षं त्यांना एवढी जड गेली नसती. कदाचित आम्हाला हे लवकर दिसलंही असतं." त्यांनी तो जुना कागद पुन्हा उलटवला. "आणि तुमच्या भागात आम्ही दर आठवड्याला या तक्रारींसाठी दवाखाना चालवणार होतो. तिथली माणसं इतकी छान झोपतात म्हटल्यावर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला नेला. असे आणखी किती पट्टे?"

"आमचं धरून मला माहीत असलेली चार घरं," लेक म्हणाली.

वन्सं रडायला लागल्या. "मी तुझ्यासाठी केलं गं."

"माहीत आहे, आत्या. मीही माझ्यासाठीच केलं."

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर..."

"तर लग्न केलं असतंस?"

त्याने विचार केला. "केलं असतं असं म्हणायला मला आवडेल," तो म्हणाला. माणूस प्रामाणिक होता.

डॉक्टर बाईंनी पाहणीतल्या इतर घरांची नावं द्यायला नकार दिला, नियमच तसा. पण पट्टा बदललेल्या घरांची नावं लेकीला पाठ होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बेकरीत गेली. भट्टी पेटलेली, पुढे पावांच्या लाद्या, आणि गल्ल्यावर बेकरीवाली बाई. लेकीने सगळं सांगितलं, आईचं, पट्ट्याचं, डॉक्टरांचं. मग म्हणाली, "काकू, वहिनींना एकदा घेऊन चला. मी येते सोबत."

"आमच्याकडे कुणाला काही नाही," बेकरीवाली म्हणाली. "आमची मुलगी अजून लग्नाची आहे, विसरलीस? तुझं लग्न झालं. स्वतःचं सगळं मार्गी लागल्यावर खरं बोलायला काय जातंय तुझं?"

बेकरीवाली म्हणाली ते खरंच होतं. आईच्या जिवावर लेकीचा संसार उभा राहिला होता आणि आता ती सत्य सांगत दारोदार निघाली होती. ती शरमेने लाल झाली. पण ती तिथून हलली नाही.

आतून सून पिठाचे हात पुसत बाहेर आली. चेहरा राखेसारखा, डोळ्यांखाली काळं. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला झोप येत नाही," ती म्हणाली. "चार वर्षं झाली."

"आत जा," सासू म्हणाली.

गिऱ्हाइकं उभी होती, सगळी ऐकत होती. लग्नाची नणंद आतल्या दारात येऊन थांबली होती.

"मला झोप येत नाही," सून पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने. "आणि कधीकधी भट्टीत हात घालावा असं वाटतं. मला डॉक्टरकडे जायचंय."

सासूने मास्तरांच्या लेकीकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं, आपल्या मुलीकडे पाहिलं. कुणीतरी काही बोलावं म्हणून ती वाट बघत होती.

शेवटी नणंदच पुढे आली. तिने वहिनीच्या चपला आणून तिच्यापुढे ठेवल्या.