तोंडाला न लागलेली चांदी

मी एक जुना काचेचा खल आहे. मद्रासहून आगगाडीने कुंभकोणमला आलो, तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि माझ्या अंगावर एकही ओरखडा नव्हता.

माझे धनी चंद्रमौलीराव दातांचे डॉक्टर. ते माझ्यात चांदीचा कीस पाऱ्यात घोटत, कातड्यातून जादा पारा पिळून काढत आणि मऊ गोळा किडलेल्या दाढेत दाबत. दुसऱ्या दिवशी तो दगडासारखा घट्ट होई. जवळच्या आडुतुरै गावचे रोगी म्हणत, "भातातला खडा फुटेल, ही दाढ फुटायची नाही."

उरलेले तुकडे त्यांच्या पत्नी विशालाक्षीबाई साठवीत. घरच्या विठोबाला त्यांना चांदीचे डोळे करायचे होते.

"तोंडाला लागलेला कणही नको हं. देवाला उष्टे चालायचे नाही."

"दातांची चांदी! चावेल हो तुझा विठोबा," डॉक्टर हसत.

एका एकादशीला डॉक्टर बाहेर गेले होते. बाईंनी सोवळे नेसून मला तुकड्यांसह स्वयंपाकघरात नेले. कोणी शिवू नये म्हणून दाराला आतून कडी लावली, तुकडे हळदीच्या पाण्याने धुतले आणि मुशीत घालून निखाऱ्यांवर ठेवले. डोळे घडवायला आलेला नाचियार्कोविलचा समईकार नटराज आसारी अंगणात बसला होता.

धूर दिसला नाही, वास आला नाही. बाईंचा खोकला मात्र थांबेना.

"अम्मा, त्या चांदीत काय आहे?" नटराजने दाराबाहेरून विचारले.

"पारा. पण शुद्ध आहे!"

"शुद्ध असू दे! बाहेर या!"

"शिवू नका मला—"

त्याने खांद्याने दार फोडले आणि त्यांना हाताला धरून बाहेर ओढले.

बाई वाचल्या. पण त्यानंतर अभंगाच्या दुसऱ्या चरणालाच त्यांचा श्वास संपे. भेदरलेले डॉक्टर त्यांच्या दाढेतली चांदीही काढायला निघाले.

"राहू द्या. बारा वर्षे ती गप्प आहे," बाई म्हणाल्या. "विष मी चुलीवर उठवले."

मित्रांनो, घट्ट झालेल्या चांदीने दाढेत धरून ठेवलेला पारा आगीवर न दिसणारी विषारी वाफ होऊन मोकळा सुटतो. म्हणून आता उघड्या खिडकीत, माझ्या पोटातल्या पाण्याखाली ते तुकडे असतात. त्यांना विस्तवाजवळ नेऊ नका, एवढेच माझे मागणे.

विठोबाचे डोळे अजून दगडाचेच आहेत. नटराज आसारी आला की विशालाक्षीबाई स्वतःच्या हाताने त्याला कॉफी देतात; मागे स्वयंपाकघराचे दार सताड उघडे असते.